चंद्रावरचा उजवा कौल

११ ऑक्टोबर, बीड

उद्घाटन झालं. तोंड कडू झालंय, तरी लिहितो. कुणाशी बोलण्यापेक्षा वहीशी बोललेलं बरं.

पुण्यात बंदुकांचे गेम बनवून वीट आला म्हणून मी केजला परत आलो होतो. आमच्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर बसून चंद्राचा दक्षिण ध्रुव उभा केला. खऱ्या नकाशांवरून, खऱ्या उंचसखलपणानिशी. काळंभोर आभाळ, लांबच लांब सावल्या, आवाज अजिबात नाही. डोळ्यांना व्हीआरचा चष्मा लावायचा, जॉयस्टिक हातात घ्यायची आणि संपत चाललेल्या इंधनात यान खाली उतरवायचं. वेग जास्त झाला की आपटतं आणि पडद्यावर अक्षरं येतात, ‘संपर्क तुटला.’ बहुतेक जण आपटतात. आपटावेतच. तिथे उतरणं किती कठीण आहे हे माणसाला दुसऱ्या कुठल्या वाटेने कळणार?

एका संस्थेला हे आवडलं. त्यांनी जुनी स्कूलबस दिली, हलणारी खुर्ची दिली, बाहेर गर्दीला दिसावा म्हणून मोठा पडदा दिला. बसवर रंगवून घेतलं, ‘अंतराळ आपल्या गावी’. जिल्ह्याचे समन्वयक रामप्रसादजी. पांढरे बूट, कपाळावर कायम घाम.

आज पाहुणे म्हणून भाऊ, इथले पुढारी, आले. गळ्यात हार, तोंडात गुटखा, तसेच खुर्चीत बसले. मी समजावून सांगत होतो, ते माझ्या डोक्यावरून फोटोवाल्याकडे बघत होते. यान धाडकन आपटलं. बाहेर पडद्यावर अख्ख्या मैदानाने पाहिलं. कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळं मैदान हसलं. भाऊ बाहेर आले, बसच्या चाकावर पिचकारी मारली आणि रामप्रसादजींना म्हणाले, “मशीन खराब हाय का तुमचा माणूस खराब हाय?”

संध्याकाळच्या आत हुकूम आला. इथून पुढे कुणाचंही यान आपटता कामा नये.

“लोकांचा हिरमोड करायचा नाही हो,” रामप्रसादजी म्हणाले. “आनंद द्यायचा. उतरलं की फुगे सोडा, तिरंगी.”

मी जॉयस्टिक तोडली. म्हणजे ती जागेवरच आहे, हलतेही, पण यानाशी तिचा काही संबंध उरलेला नाही. यान आपोआप मधोमध अलगद उतरतं. आणि जिथे हवाच नाही तिथे फुगे वर जातात. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाकडून याहून घाण करून घेतली असती, असं मी स्वतःला सांगितलं. आवाजाला मात्र हात लावू दिला नाही. चंद्रावर शांतता आहे ती आहे.

१४ ऑक्टोबर, पाटोदा

बाजाराचा दिवस. चष्म्याच्या आतल्या स्पंजाला खोबरेल तेल, कुंकू, भस्माचे पट्टे, घाम. मी दर माणसामागे नाक दाबून स्पिरिटने पुसतो. दुपारी एकाने चष्म्यातच ओकारी केली. मिसळ खाऊन आला होता. बाहेर येऊन मित्राला म्हणतो, “लई भारी बे, पार वर गेलतो.”

सगळ्यात शिसारी आणणारी गोष्ट वेगळीच आहे. लोक बसच्या दाराशी चपला काढतात. कुणी सांगितलेलं नाही. चंद्र म्हणजे महादेवाच्या डोक्यावरचा, तिथे चपला घालून कसं जायचं? दाराशी ढीग लागतो, त्यावर माश्या. मी ओरडून सांगितलं की ही बस आहे, देऊळ नाही. एक म्हातारा हसून हो म्हणाला आणि चपला काढूनच आत आला. मी मुद्दाम बूट घालून आतबाहेर करतो, सगळ्यांना दिसेल असा.

२७ ऑक्टोबर, केज

दिवाळी गेली. बस आता आमच्याच गावात, तहसीलच्या पुढच्या मैदानात. आज जे कळलं त्याने कपाळावर हात मारून घेतला.

बऱ्याच बाया खुर्चीत बसल्या की ओठातल्या ओठात काही पुटपुटतात. मला वाटलं घाबरून देवाचं नाव घेतात. आज एकीला विचारलं तर म्हणाली, “कौल लावती की.”

म्हणजे देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडचं पडलं तर काम होणार, डावीकडचं पडलं तर नाही. तेच यांनी माझ्या यानाचं केलंय. नीट उतरलं तर उजवा कौल, आपटलं तर डावा. कुठल्याशा गावात एकीने पोरीच्या सोयरिकीचं मनात धरलं, यान उतरलं, आठवड्यात सोयरीक जमली. झालं. पाटोद्यापासून केजपर्यंत वणवा पेटावा तसं पसरलंय. बोअरला पाणी लागेल का, पोलीस भरती होईल का, सून नांदायला येईल का. उत्तर सगळ्यांना होच, कारण नाही म्हणायची सोय मी स्वतःच काढून टाकलीय.

रांगेतला एक जण शंका काढत होता, “समद्यायलाच उजवा देती ही. देव असं करीत न्हाई.” त्याला लोकांनी गप्प केलं.

हे विज्ञान. ह्याच्यासाठी मी डोळे फोडले. रामप्रसादजींना सांगितलं तर ते खुश झाले, “गोडी लागतेय लोकांना अंतराळाची.” स्वतः रोज सकाळी पहिला नंबर त्यांचाच असतो, हे आज माझ्या लक्षात आलं. त्यांचेही ओठ हलतात.

आई पण येऊन बसून गेली. काय विचारलंस म्हटलं तर म्हणाली, “ते सांगायचं नसतंय.” नीलम्मा दुकानवाली, नव्वद जणींना उधार न देता हसवून पाठवणारी बाई, तीही या रांगेत! घरी आल्यावर मी तिच्याशी बोललो नाही.

२९ ऑक्टोबर, केज

आज बायडाबाई आली. मेंढरंवाली. दरवर्षी या दिवसांत त्यांची मेंढरं आमच्या मळ्यात खतासाठी बसतात, त्यामुळे लहानपणापासून ओळखीची. सोबत नात, अंजू, सहा वर्षांची. पोरगी गोड आहे पण ओठ जांभळट, चार पायऱ्या चढून धापा टाकत होती.

बायडाबाईने नारळ आणला होता. मी घेतला नाही. खुर्चीत बसल्यावर तिने जॉयस्टिकला आधी हात लावून कपाळाला लावला. यान उतरलं, फुगे उडाले. चष्मा काढला तर म्हातारीच्या गालावर पाणी. “उतरलं मालक, लई नीट उतरलं,” म्हणत राहिली. चष्मा अश्रूंनी चिकट झाला, तो पुसताना मला चीड येत होती. नारळ रामप्रसादजींनी फोडला आणि खोबरं तेच खात बसले.

१ नोव्हेंबर, केज

आज अक्षर वाईट येईल.

बायडाबाई दुकानात आली होती, आईशी बोलून गेली. अंजूच्या काळजाला छिद्र आहे. शाळेच्या तपासणीत निघालं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, सरकारी योजनेतून होणार आहे, या महिन्यातली तारीख मिळालीय. तिचा बाप सोमनाथ तयार. पण त्या घरात म्हातारीच्या शब्दाबाहेर काही होत नाही, आणि लेकराची छाती फाडणार हे म्हातारीला सोसत नव्हतं. मग तिने त्या दिवशी बसमध्ये कौल लावला. काय धरलं होतं मनात? “चिरफाड न करता पोर बरी व्हणार असंल तर नीट उतर.”

उतरलं. माझ्या प्रोग्रॅमने, मधोमध, फुग्यांसकट.

मी तसाच मोटरसायकलने मळ्यात गेलो. बायडाबाई चुलीपुढे भाकरी करत होती. मी सगळं सांगितलं. ते यंत्र खोटं आहे, जॉयस्टिक जोडलेलीच नाही, तिने हलवली काय न हलवली काय, यान उतरणारच होतं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“म्हंजी मी न्हाई हलवलं?”

“नाही मावशी.”

“आन तुमी?”

“मीही नाही. कुणीच नाही.”

ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी मोठी आनंदाची बातमी आणलीय. “मग त्येच तर म्हणती मी! मला वाटलं माझाच हात हालला म्हणून तसं झालं आसंल. माणसाचा हातच न्हाई तर कौल खराच की मालक.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो. सोमनाथ मध्ये पडला, “तिला कावून वरडता? माझं बी ऐकत न्हाई ती.” त्याचे डोळे लाल होते. अंजू कोकराला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्या ओरडण्याला हसत होती. हसता हसता तिला दम लागला.



२ नोव्हेंबर, केज

रामप्रसादजींकडे गेलो. म्हटलं, माईकवरून सांगू की जॉयस्टिक बंद आहे. ते हसले. “सांगा की. तुम्ही कालच सांगितलंत ना त्या बाईला? काय झालं?” मग जवळ येऊन म्हणाले, “आणि भाऊंचं यान आपटलं होतं म्हणून मशीन बदललं, हेही सांगणार का माईकवरून?”

बुधवारी कपिलधारची जत्रा. तिथे बस न्यायचीच असा वरून आदेश आहे.

३ नोव्हेंबर, केज

जेवायला बसलो नाही. आई म्हणाली, “तू कावून तोंड पाडून बसलास?” मी म्हटलं, तुमच्या कौलाने एक पोरगी मरणार आहे. आई गव्हात हात घालून बसली होती, खडे निवडत. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, “कौल परत लावता येतो का?”

म्हटलं, मला काय विचारतेस? देवाला एक गोष्ट दोनदा विचारत नाहीत, तूच सांगायचीस.

“त्येच तर. पण पोरीचा जीव हाय. कौल पोरीनं लावायचा असतो. बायडाबाईनं लावलेला धरत न्हाईत.”

असला काही नियम मी जन्मात ऐकलेला नाही. या बायका नियम गव्हातल्या खड्यांसारखे कुठूनही काढतात. आई म्हणाली की ती स्वतः बायडाबाईला कपिलधारला घेऊन येईल, आणि मला विचारलं, “मग त्या दिवशी तुझी मशीन काय म्हणंल?”

मी म्हटलं मला काय माहीत. आणि तेव्हाच मला कळलं की मी काय करणार आहे.

५ नोव्हेंबर, कपिलधार

यावर्षी धबधब्याला पाणी भरपूर. समाधीच्या दर्शनाची रांग डोंगरात वळत वर गेलेली. चिखल, नारळाच्या शेंड्या, पत्रावळी, आणि त्यात माझी बस. बससमोरची रांग देवळाच्या रांगेला जाऊन मिळाली होती. कुठली कशाची हे लोकांनाही कळत नव्हतं आणि फरकही पडत नव्हता.

प्रोग्रॅम मी आदल्या दिवशीच बदलून ठेवला होता. एक बटण दाबलं की यान आपटणार. जॉयस्टिक जोडली असती तर ते प्रामाणिक झालं असतं. पण मग पोरगी कदाचित उतरवेलही, हा धोका होता. म्हणून नाही जोडली. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली तेच करायला मी बसलो होतो, फरक इतकाच की माझ्या अंगावर सोवळं नव्हतं.

आई दोघींना घेऊन आली. अंजूला खुर्चीत बसवताना माझ्या कानाशी म्हणाली, “खुर्ची हलू देऊ नको. छातीला दणका बसंल.” आईला यंत्रातलं काही कळत नाही, पण हे बरं सुचलं तिला. मी खुर्ची बंद केली.

चष्मा पोरीला मोठा होत होता, बायडाबाईने मागून दोन्ही हातांनी धरला. मग अंजूच्या कानात म्हणाली, “म्हण, चिरफाड न करता मी बरी व्हणार असंल तर नीट उतर.” पोरीने मोठ्याने म्हटलं. दाराशी उभ्या लोकांनी ऐकलं आणि ते आणखी आत सरकले.

अंजू जॉयस्टिक जीव खाऊन हलवत होती. जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून. कुणी सांगितलं नसताना ती बरोबर करत होती, वेग कमी होईल तशी मागे ओढत होती.  खरं जोडलेलं असतं तर तिने उतरवलंच असतं असं मला वाटलं.

मी बटण दाबलं.

धूळ उडाली. बसमधला माझा छोटा पडदा लाल झाला, अक्षरं आली. आवाज तर मी ठेवलाच नव्हता, त्यामुळे सगळं मुक्याने झालं. अंजू खदाखदा हसली, “फुटलं! आजी, फुटलं!” आणि परत पाहिजे म्हणाली. बायडाबाईला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, “काय लिव्हलंय?”

मी वाचून दाखवलं, “संपर्क तुटला.”

ती खाली बसली. तिथेच, खुर्चीच्या पायाशी, मेलेल्या माणसाजवळ बसतात तशी. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. ती नुसती पोरीच्या पावलावरून हात फिरवत राहिली. तिच्या आशेचा मी चुराडा केला होता आणि मला ते करायचंच होतं, आणि तरी मला स्वतःच्या बोटाची किळस आली. ते बोट मी स्पिरिटने पुसलं. मग परत पुसलं.

आई तिच्या शेजारी बसली. “डावा म्हंजी पोर जाणार असं न्हाई बायडाबाई. चिरफाड करावी लागंल येवढंच.”

“व्हय,” म्हातारी म्हणाली. “सोम्याला फोन लावा.”

६ नोव्हेंबर, केज

कपिलधारची बातमी आमच्याआधी केजला पोचली होती. मैदानात आज पाय ठेवायला जागा नाही. कारण काय? “मशीन खरी हाय. समद्यायलाच उजवा देत न्हाई.” तो शंका काढणारा माणूस आज रांगेत पहिला होता.

एका आपटलेल्या यानाने जे केलं ते शंभर उतरलेल्या यानांनी केलं नव्हतं. आता लोक खुर्चीत बसताना खरोखर घाबरतात. दाराशी कुणीतरी उदबत्ती लावली. मी विझवली, दुसऱ्या कुणी लावली. रामप्रसादजी म्हणतात केजला कायमचं केंद्र होईल, भाऊंचा शब्द आहे.

आणि मी तोंड उघडू शकत नाही. आज माईकवरून खरं सांगितलं तर उद्या म्हातारी पोरीला दवाखान्यातून उचलून आणेल. या सगळ्या बुवाबाजीचा राखणदार आता मीच. माझ्याइतकं खोटं या तालुक्यात कुणी बोलत नसेल, आणि तेही तोंड न उघडता.

१० नोव्हेंबर, केज

अंजूला दाखल केलं. आई भेटून आली, डबा देऊन. बायडाबाईने विचारलं म्हणे, मालक बरे हाईत का. मी बरा आहे. मला काय धाड भरलीय.

रामप्रसादजी सुट्टीवर. बस दुकानामागच्या मोकळ्या जागेत आणून लावली. फुगे काढून टाकले. ते पाहून पाहून डोकं उठलं होतं.

१२ नोव्हेंबर, केज

आज ऑपरेशन. सकाळी सोमनाथचा फोन आला, आत नेलं म्हणाला. म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर बसलीय.

मला काही काम नव्हतं म्हणून जॉयस्टिक पुन्हा जोडली. कधीतरी जोडायचीच होती. जोडल्यावर चाचणी घ्यावी लागते, हे कुणीही सांगेल.

पहिल्यांदा आपटलं. हात घामाने ओला होता, जॉयस्टिक निसटत होती. ती चाचणी धरण्यात अर्थ नव्हता. हात पुसून परत बसलो. पुन्हा आपटलं. मी स्वतः लिहिलेलं यंत्र, एरवी डोळे मिटून उतरवतो. इतके दिवस बंद असल्यामुळे आत काही अडकलं असणार. तिसऱ्यांदा फार सावकाश घेतलं. इंधन संपत आलं होतं. अंजू ओढत होती तसं थोडं थोडं मागे ओढत गेलो. शेवटी धूळ उडाली आणि हळूहळू बसली. काळं आभाळ, लांब सावल्या, शांतता. यान उभं होतं.

चष्मा बराच वेळ काढला नाही. काढला तेव्हा आतून चिंब होता. लोकांचा घाम मुरलेला असतो स्पंजात.

दुपारी फोन वाजला. “झालं मालक,” सोमनाथ म्हणाला. “छिद्र बुजवलं म्हणले डॉक्टर. झोपलीया अजून, पण ओठ बघा... ओठ लाल दिसायलेत तिचे.” त्याने नाक ओढलं.  मग म्हणाला, “माय म्हणती, मशिनीला कळवा.”

असल्या बोलण्याचा मला तिटकारा आहे. कळवतो म्हणालो.

बसमधून खाली उतरलो तर तळपायाला खडी टोचली. बूट दाराशी होते, एकाशेजारी एक नीट लावलेले. आई मागच्या दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती. सकाळी पायऱ्या पुसल्या होत्या. ओल्या असतील म्हणून काढले असणार.